वहीतली नावं

मागच्या महिन्यात या सदरात पासवर्डबद्दल लिहिलं, तर चार काकवांनी फोन करून मला त्यांचे पासवर्ड सांगितले. लेखाचा उद्देश नेमका उलटा होता! म्हणून या वेळी कॉम्प्युटर जरा बाजूला ठेवतो. अगदी पूर्ण ठेवता येणार नाही, कारण जी गोष्ट सांगायची आहे तिची सुरुवात माझ्या लॅपटॉपवरच झाली.

देवासला आमच्या घरी दसऱ्याला शस्त्रपूजा असते. शस्त्रं कसली, तर बाबांचं पान्हे आणि स्क्रू-ड्रायव्हरचं खोकं, आईची विळी, तिचं शिलाई मशीन आणि माझा लॅपटॉप. लॅपटॉपवर हळदकुंकू वाहताना ते कीबोर्डमध्ये जाऊ नये म्हणून मी दरवर्षी खाली पेपर घालतो आणि आई दरवर्षी म्हणते, "देवाला पण कव्हर घालशील तू."

मागच्या दसऱ्याला शेजारचे सुभेदार काका पूजेला आले. काका सैन्याच्या सिग्नल्स विभागातून निवृत्त झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांनी खिशातून एक वही काढली आणि पाटावर ठेवली. खाकी रेक्झिनचं कव्हर, वर रबर बँड. मी म्हटलं, "काका, हे कुठलं शस्त्र?"

"माझं हेच," एवढंच म्हणाले.

पूजा झाल्यावर त्यांनी वही मला बघू दिली. एका पानावर एक माणूस. नाव, गाव, तालुका, आईवडिलांची नावं, लग्न झालंय का, मुलं किती, रक्तगट, मागची सुट्टी कधी गेली, पुढची कधी हवी. शेवटी 'घरची अडचण' असा एक रकाना. कुणाच्या रकान्यात 'वडील आजारी', कुणाच्या 'बहिणीचं लग्न वैशाखात', एका ठिकाणी 'विहीर आटली'. फौजेत तुकडीच्या प्रमुखाने अशी वही ठेवायची पद्धतच आहे. नवीन लेफ्टनंट आला की पहिल्या काही दिवसांत त्याला आपली सगळी माणसं नावानिशी, गावानिशी माहीत व्हावी लागतात. काकांनी हवालदार असताना ही वही सुरू केली आणि निवृत्त होताना नवीन माणसाला तिची नक्कल देऊन मूळ वही स्वतःकडे ठेवली.

"तुझ्या हाताखाली किती माणसं?" त्यांनी विचारलं.

"सात."

"नावं सांग." सांगितली. "गावं?" तिघांची सांगता आली. "घरी कोण कोण असतं?" यावर मी आपट्याची पानं नीट लावायला लागलो.

आता माझी गोष्ट. मी पुण्यात एका कंपनीत टीम लीड आहे. ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी रात्री आमचं नवं व्हर्जन लाइव्ह गेलं आणि त्यातल्या एका स्क्रिप्टने डेटाबेसमधला चुकीचा रकाना बदलला. ग्राहकाच्या ऑर्डरी अडकल्या. रात्री दोन वाजता सगळं पूर्ववत झालं. स्क्रिप्ट लिहिली होती टीममधल्या सगळ्यात नवीन मुलीने, दीड वर्षाचा अनुभव असलेल्या. ती तपासली होती मी. तपासली म्हणजे काय, दुसऱ्या एका मीटिंगमध्ये बसलेलो असताना फाइल न उघडता 'अप्रूव्ह' दाबलं होतं. शनिवारी सकाळी वरून मेल आला, काय झालं ते कळवा. मी कळवलं. कारण लिहिलं, वेळ लिहिली, स्क्रिप्ट कुणाची ते लिहिलं. एकही शब्द खोटा नव्हता. कुणी तपासली, एवढीच ओळ लिहिली नव्हती.

सहामाही मूल्यांकनात तिचं रेटिंग एक पायरी खाली आलं. माझं आहे तिथेच राहिलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांना त्यांच्या मुलीकडे धारला सोडायला मी गाडी काढली. देवासहून इंदूर पस्तीसेक किलोमीटर आणि इंदूरहून धार साधारण पासष्ट. सरळ बेटम्यावरून जाता येतं, पण काकांना महूवरून जायचं होतं. महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये त्यांनी दोन कोर्स केले होते. आम्ही मालव्यातली मुलं महूला नुसती छावणी समजतो. पण तिथे इन्फंट्री स्कूल आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, आणि १४ एप्रिल १८९१ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला तोही याच छावणीत, कारण वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत होते. "सुभेदाराचा मुलगा," काका दरवेळी आठवण करून देतात, जणू त्यात थोडा वाटा त्यांचाही आहे.

महूत पोहे खाताना त्यांनी सॅम माणेकशांचा विषय काढला. माणेकशा काही काळ इथल्या इन्फंट्री स्कूलचे प्रमुख होते. १९७१चे माणेकशा सगळ्यांना माहीत असतात, काका सांगत होते १९४२चे. ब्रह्मदेशात सितांग नदीच्या लढाईत तरुण कॅप्टन माणेकशांच्या पोटात मशीनगनच्या गोळ्या घुसल्या. हे जगणार नाहीत असंच सगळ्यांना वाटलं. डिव्हिजनचे जनरल कोवन यांनी स्वतःच्या छातीवरचा मिलिटरी क्रॉस काढून त्यांना लावला, कारण हे पदक मेलेल्या माणसाला देत नसत. हा भाग पुस्तकांत ठळक असतो. पण त्यांना उचलून मागे आणलं ते त्यांच्या अर्दलीने, शेरसिंगने. सर्जन हात लावायला तयार नव्हता, शेरसिंग त्याच्यापुढून हलला नाही, शेवटी ऑपरेशन झालं. "जनरलचं नाव इतिहास ठेवतोच रे," काका म्हणाले, "अर्दलीचं नाव ठेवावं लागतं."

पिथमपूर मागे पडल्यावर ते स्वतःची एक गोष्ट सांगायला लागले. उत्तरेतल्या एका ठाण्यावर सराव चालू होता. काका तेव्हा हवालदार. एका जवानाने रात्री बॅटऱ्या चार्जिंगला लावल्याच नाहीत आणि पहाटे रेडिओ सेट बंद पडला. चाळीस मिनिटं ब्रिगेडशी संपर्क नाही. सकाळी सीओ साहेबांनी सगळ्या अधिकाऱ्यांसमोर विचारलं, कुणामुळे? काकांचा कॅप्टन उभा राहिला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा. म्हणाला, रात्री बॅटऱ्या बघणं माझं काम होतं सर, मी बघितल्या नाहीत. त्याला जे ऐकायचं ते सगळ्यांसमोर ऐकावं लागलं.

"आणि तो जवान?"

"त्याला पिठ्ठू लागला. पाठीवर ओझं घेऊन मैदानाला चकरा. सोडलं नाही त्याला. तू सिनेमातली फौज समजू नकोस."

रात्री कॅप्टन त्या जवानाच्या बराकीत जाऊन बसला. तेव्हा कळलं की त्याच्या भावाने जमिनीचा कागद स्वतःच्या नावावर करून घेतला होता, गावाहून पत्र आलं होतं आणि तीन रात्री तो झोपला नव्हता. कॅप्टनने काकांना बोलावून वही मागितली. त्या जवानाच्या पानावर 'घरची अडचण' रिकामी होती. कॅप्टन काहीच बोलला नाही. पान काकांसमोर उघडं ठेवून निघून गेला. चार दिवसांनी जवानाला सुट्टी मिळाली आणि जिल्ह्याच्या सैनिक बोर्डाला पत्रही गेलं.

"पन्नास वेळा ओरडला असता ना," काका म्हणाले, "तर मी विसरलो असतो."

मग मी त्यांना माझं सांगितलं. शुक्रवार, अप्रूव्ह, मेल, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं काहीतरी म्हणतील. घाटाबिल्लोद आलं तेव्हा म्हणाले, "काच जरा खाली घे, गरम होतंय."

धारला काकांची मुलगी शाळेत इतिहास शिकवते. मला ती लहानपणापासून ताई. दुपारी ती आम्हा दोघांना किल्ल्यावर घेऊन गेली. धारचा किल्ला गावाच्या कडेला एका छोट्या टेकडीवर आहे, लाल दगडाचा. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म इथे १७७५ साली झाला, एवढंच मला शाळेपासून माहीत. इथल्या पवारांचं मला त्याहूनही कमी माहीत होतं, आणि मी देवासचा, म्हणजे पवारांच्याच दुसऱ्या गावचा! देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांची थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राज्यं, दोन राजे. हल्ली आमच्याकडे एका माणसाला दोन मॅनेजर असतात आणि त्याला 'मॅट्रिक्स' म्हणतात. मालव्याला हा प्रकार अठराव्या शतकापासून माहीत आहे. ही सगळी घराणी लढून इथे आली. धारपासून जवळच्या अमझेऱ्याला २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांनी मोगलांचा सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला, त्या मोहिमेत धारचे उदाजी पवार होते. पुढे यशवंतराव पवार पानिपतात पडले.

पण ताईला सांगायची होती ती मैनाबाईची गोष्ट. ही गोष्ट माल्कमने आपल्या मध्य हिंदुस्थानच्या इतिहासात नोंदवून ठेवली आहे.

१८०७मध्ये धारचे आनंदराव पवार वारले तेव्हा मैनाबाई गरोदर होती. राज्य शिंदे-होळकरांच्या धुमाळीत निम्मंअर्धं संपलेलं, आणि घरातलाच मुरारराव गादीवर डोळा ठेवून बसलेला. ती मांडूला गेली. तिथे मुलगा झाला, रामचंद्रराव. मग मुराररावाने गोड बोलून तिला धारला बोलावलं, आणि किल्ल्यात जाऊ न देता गावातल्या एका घरात उतरवलं. ती आत गेल्यावर त्याने घराला वेढा घातला. किल्ला ताब्यात द्या, नाहीतर घर पेटवतो. पण मैनाबाईने त्याआधीच एका शेतकऱ्याच्या बाळाशी आपल्या बाळाची अदलाबदल केली होती आणि रामचंद्ररावाला गुपचूप किल्ल्यात पोचवलं होतं. किल्लेदाराला तिने निरोप पाठवला की माझा विचार करू नका, मी या घराखाली गाडली गेले तरी चालेल, पण माझा जीव वाचवण्यासाठी किल्ला देऊ नका. किल्लेदाराने किल्ला दिला नाही. मुराररावाला शेवटी पळावं लागलं. तो मुलगा पुढे लहानपणीच गेला, मैनाबाईने बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, आणि १८१९च्या जानेवारीत इंग्रजांशी तह होईपर्यंत सगळ्यांच्या तावडीतून धार टिकवून धरलं.

डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत १९३२ साली जनरल चेटवूड यांनी अधिकाऱ्यांना जो क्रम सांगितला, तो तिथल्या भिंतीवर आजही आहे. आधी देश, मग तुमच्या हाताखालची माणसं, आणि तुमची स्वतःची सोय सगळ्यात शेवटी. मला वाटलं, मैनाबाईने तो सव्वाशे वर्षं आधीच पाळला होता की. मी तसं बोलूनही दाखवलं. ताई खूश झाली.

काका तटाच्या एका दगडावर बसले होते. म्हणाले, "आणि त्या दुसऱ्या बाळाचं नाव काय?"

"कुठल्या?"

"शेतकऱ्याच्या. जे त्या घरात होतं."

ताई इतिहास शिकवते, तिलाही माहीत नव्हतं. माल्कम नाव देत नाही. घर पेटलं असतं तर जळालं असतं ते हेच बाळ. त्याच्या आईने ते स्वखुशीने दिलं की कुणी काढून घेतलं, पुढे त्याचं काय झालं, त्या घराला धारच्या गादीने कधी काही दिलं का, यातलं काहीही त्या नोंदीत नाही.

मी मैनाबाईच्या बाजूने बोलायला गेलो. राज्याचा प्रश्न होता, दुसरा मार्ग काय होता. काका म्हणाले, "मी तिला नावं ठेवत नाही. ती स्वतः त्या घरात बसली होती ना, त्या बाळाबरोबर." आणि माझ्याकडे बघितलं. तेवढंच. पण मंडळी, बेटम्यापासून देवासपर्यंत एकट्याने गाडी चालवताना मला दुसरं काही सुचलं नाही. माझ्या त्या मेलमध्ये मी दुसऱ्याचं लेकरू घरात ठेवलं होतं आणि स्वतः किल्ल्यात जाऊन बसलो होतो.

त्या रात्री झोप येईना म्हणून मराठा पलटणींबद्दल वाचत बसलो आणि कुतला पोचलो. इराकमधलं कुत-अल-अमारा. पहिल्या महायुद्धात तिथे जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, म्हणजे सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची आपली माणसं. १४७ दिवस वेढा चालला, खायला उरलं नाही, आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. शिपायांना वाळवंटातून पायी नेलं, त्यातले हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, आणि कैदेत असतानाच 'सर' ही पदवीही मिळाली. त्याचा लाडका कुत्रा, स्पॉट, तुर्कांच्या परवानगीने सुखरूप परत पाठवला गेला. वेढ्यात त्याने मदतीची विनंती करणारे संदेश पाठवले त्यांत स्वतःच्या बढतीची चौकशीही होती. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला. त्या पलटणींच्या शौर्यात काहीच कमी नव्हतं. त्यांचा साहेब मात्र तसा होता.

पुण्याला परतल्यावर सोमवारी सकाळी मेल लिहिला. ऑगस्टच्या त्याच मेलवर उत्तर, त्याच सगळ्या लोकांना. स्क्रिप्ट मी न वाचता मंजूर केली होती, ती थांबवणं माझं काम होतं, आणि मूल्यांकनात हे धरलं जावं. चार ओळींना दीड तास लागला. 'पाठवा' दाबण्याआधी गृहकर्जाचा हप्ता आठवला, हे कबूल करतो. दोन महिन्यांनी हे का उकरतोस, असं दोघांनी विचारलं. एकाने अंगठा पाठवला. माझं पुढचं मूल्यांकन खाली आलं, आणि ते बरोबरच होतं.

मेल गेल्यावर मी तिच्या जागेवर गेलो आणि माफी मागितली. ती म्हणाली, "सर, मी शुक्रवारीच राजीनामा दिलाय." मग थोडं थांबून, "तुम्ही हे तेव्हा लिहायला हवं होतं." आवाज चढवला नाही. काकांच्या कॅप्टनने ते पान उघडं ठेवलं, तसंच काहीसं.

नोटीस पिरियडच्या दोन महिन्यांत मी तिला पहिल्यांदा विचारलं, घरी कोण असतं. वडील एसटीत कंडक्टर होते. जुलैमध्ये त्यांची बायपास झाली होती, आणि ऑगस्टमधला तो पूर्ण आठवडा ती रात्री दवाखान्यात आणि दिवसा ऑफिसात होती. रजा का नाही मागितली? "तुम्ही म्हणाला होतात, रिलीज होईपर्यंत कुणी सुट्टी मागू नका." म्हणालो होतो. टीमच्या ग्रुपवर, शेवटी एक स्माइली टाकून.

नवीन कंपनीला तिच्याबद्दल जे पत्र मी लिहिलं, त्यात त्या शुक्रवारचाही उल्लेख केला, की रात्री दोनपर्यंत बसून चूक शोधली ती तिनेच. ते तिच्या किती कामी आलं मला माहीत नाही.

फौजेत बडाखाना असतो. मोठ्या सणाला किंवा पलटणीच्या दिवशी अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात, आणि अधिकारी जवानांना वाढतात. काका सांगतात, ज्या साहेबाला वाढता येत नाही, ज्याच्या हातून डाळ सांडते, तो नवा. दोन वर्षांनी कोण किती पोळ्या खातो हेसुद्धा त्याला माहीत झालेलं असतं. दिवाळीच्या आधी टीमला जेवायला घरी बोलावलं तेव्हा मी वाढलं. वरण सांडलं.

मी आता वही ठेवतो. मोबाइलमध्ये नाही, कागदाची. कुणाची अडचण क्लाउडवर ठेवू नये एवढं तर या सदरात मीच तुम्हाला शिकवलंय. पहिल्या पानावर तिचं नाव आहे, ती टीममध्ये नसली तरी. काकांच्या वहीतही गेलेल्यांची पानं काढलेली नाहीत.

परवा काकांचा फोन आला होता, यंदा दसऱ्याला येतोयस ना म्हणून. येतोय म्हटलं. "वही घेऊन ये, पाटावर ठेवू," म्हणाले, आणि मग, "किती पानं भरली?"

सात भरली आहेत. दोघांच्या आईवडिलांची नावं मात्र अजून लिहायची राहिली आहेत. सोमवारी विचारतो.